विश्लेषण : हेडसेट लावून मंगळावरचे खडक कसे अभ्यासले जातात?

फेब्रुवारी १९७१. ‘अपोलो १४’चे अंतराळवीर ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल चंद्रावरच्या ‘कोन’ विवराची कड शोधत चढण चढत होते. सुमारे ३४० मीटर रुंदीच्या या विवराच्या काठावर खोलातून उसळून वर आलेले दगड पडलेले असणार, आणि भूशास्त्रज्ञांना तेच हवे होते. पण एक उंचवटा पार केला की पुढे दुसरा दिसे. कड काही सापडेना. वेळ संपत आल्याने दोघे माघारी फिरले. ते कडेपासून जेमतेम ३० मीटरवर होते, हे नंतर छायाचित्रांवरून स्पष्ट झाले.

प्रत्यक्ष तिथे उभ्या असलेल्या माणसाला अंतराचा अंदाज आला नाही, तर कोट्यवधी किलोमीटरवरून रोव्हरने पाठवलेल्या छायाचित्रावरून तो कसा यावा? ही अडचण सोडवण्यासाठी ग्रहांचा अभ्यास करणारे भूशास्त्रज्ञ व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजेच व्हीआरचा आधार घेत आहेत.

उत्तम छायाचित्रे असताना व्हीआर कशाला?

भूशास्त्र हे पायी फिरून करायचे शास्त्र आहे. खडक समोरून पाहायचा, बाजूने पाहायचा, दोन पावले मागे जाऊन त्याचा थर पुढे कुठे जातो ते शोधायचे. हातोडा, होकायंत्र आणि भिंग घेऊन केलेल्या या भटकंतीत खडकाचा आकार, थरांची जाडी आणि त्यांचा कल कळत जातो.

छायाचित्रात ही भटकंती होत नाही. त्यात मुठीएवढा दगड आणि मोटारीएवढी शिळा सारखीच दिसू शकते. पृथ्वीवर झाड, घर, विजेचा खांब यांवरून आपण आकार ओळखतो. सह्याद्रीतला दूरचा डोंगर निळसर, धूसर दिसतो, त्यावरून अंतर कळते. चंद्रावर हवाच नाही. मंगळावर ती अतिशय विरळ आहे आणि ओळखीची कोणतीही वस्तू तिथे नाही. त्यामुळे डोळा सहज फसतो. हेडसेटमध्ये मात्र दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी दृश्ये दिसतात आणि मेंदू त्यातून खोली ओळखतो. मान वळवली, वाकून पाहिले की दृश्यही तसेच बदलते.

थराच्या कलाने असे काय बिघडते?

बरेच काही. ‘क्युरिऑसिटी’ रोव्हर ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावरच्या गेल विवरात उतरला. विवराची रुंदी सुमारे १५४ किलोमीटर आणि मध्यभागी साधारण ५.५ किलोमीटर उंचीचा माउंट शार्प. २०१४ मध्ये रोव्हर ‘किम्बर्ली’ नाव दिलेल्या जागी पोहोचला. तिथले वालुकाश्माचे थर दक्षिणेकडे, म्हणजे माउंट शार्पच्या दिशेने कललेले आढळले.

नदी संथ पाण्याला मिळते तेव्हा ती आपला गाळ उतरत्या थरांत टाकत पुढे सरकते. हे उतार पाण्याच्या दिशेला असतात. किम्बर्लीचे थर तसेच असतील तर आज जिथे डोंगर आहे, तिथे एकेकाळी सखल भाग आणि तळे असायला हवे. विवराच्या उत्तर काठावरून आलेले प्रवाह त्यात गाळ आणून टाकत असणार. डिसेंबर २०१४ मध्ये ‘नासा’ने मांडलेल्या निष्कर्षाचा हा एक महत्त्वाचा आधार होता. म्हणजे तळे होते की नव्हते, हा प्रश्न काही अंशांच्या कलावर येऊन ठेपतो. तो कल मोजण्यात चूक झाली तर मंगळाचा इतिहासच वेगळा लिहिला जाईल.

फ्रान्समधील नांत येथील संशोधकांनी पुढे रोव्हरच्या छायाचित्रांतून किम्बर्लीची त्रिमितीय प्रतिकृती तयार केली आणि व्हीआरमध्ये तिच्यावर ‘फिरून’ थरांचा अभ्यास केला. हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

सपाट छायाचित्रातून खोली कशी मिळते?

एक बोट डोळ्यांसमोर धरा आणि एकेक डोळा मिटून पाहा. बोट मागच्या भिंतीच्या तुलनेत जागा बदलते. वस्तू जितकी जवळ, तितका हा बदल मोठा. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, तर क्युरिऑसिटीच्या दिशादर्शक कॅमेऱ्यांच्या जोडीत ४२ सेंटिमीटर. दोन्ही छायाचित्रांतला एकच बिंदू संगणक शोधतो आणि तो किती सरकला यावरून त्याचे अंतर काढतो.

अशा लाखो बिंदूंचा ढग तयार होतो. ते बिंदू छोट्या त्रिकोणांनी जोडून पृष्ठभाग बनवला जातो आणि त्यावर छायाचित्र चादरीसारखे अंथरले जाते. रोव्हर पुढे सरकताना वेगवेगळ्या कोनांतून टिपलेली छायाचित्रे जोडली, की खडकाच्या इतर बाजूही मिळतात. आता थराच्या कडेवरचे किमान तीन बिंदू निवडले, की त्यांतून जाणारे प्रतल आणि त्याचा कल गणिताने काढता येतो.

यात एक अडचण आहे. कॅमेऱ्यांची जोडी तीच ठेवली, तर अंतर दुप्पट झाल्यावर खोलीच्या मोजमापातील चूक साधारण चौपट होते. त्यावर उपाय म्हणजे रोव्हर काही मीटर सरकवून पुन्हा छायाचित्र घ्यायचे, म्हणजे दोन ‘डोळ्यां’मधले अंतर वाढवायचे. जेझेरो विवरात फेब्रुवारी २०२१ मध्ये उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’ने ‘कोडियाक’ नावाची टेकडी दोन किलोमीटरहून अधिक अंतरावरून टिपली. तिच्यातल्या आडव्या आणि तिरप्या थरांनी तिथे त्रिभुज प्रदेश होता याला बळ दिले. पुढे या टेकडीचीही त्रिमितीय प्रतिकृती करून एकेका थराचा अभ्यास झाला.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. ‘नासा’च्या एम्स संशोधन केंद्रात १९९० च्या सुमारास मायकल मॅकग्रीव्ही यांनी व्हीआरमधून ग्रहांचा अभ्यास करण्याचे प्रयोग सुरू केले होते. भूशास्त्रज्ञ प्रत्यक्ष मैदानात कसे पाहतात हे समजून घेण्यासाठी त्यांना डोक्यावर कॅमेरे लावून कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटात फिरवण्यात आले. जुलै १९९७ मध्ये ‘मार्स पाथफाइंडर’ उतरल्यावर त्याच केंद्राच्या ‘मार्समॅप’ या प्रणालीतून उतरण्याच्या जागेचे त्रिमितीय दृश्य शास्त्रज्ञांना मिळाले.

तेव्हाचे संगणक मंद आणि हेडसेट अवजड, महागडे होते. खेळांच्या बाजारपेठेने ते स्वस्त केल्यावर चित्र पालटले. ‘नासा’च्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने मायक्रोसॉफ्टच्या ‘होलोलेन्स’साठी ‘ऑनसाइट’ ही प्रणाली बनवली आणि २०१५ मध्ये जाहीर केली. वेगवेगळ्या शहरांतले शास्त्रज्ञ आपापल्या खोलीतून मंगळाच्या एकाच जागेवर ‘भेटतात’, समोरच्याची आकृती पाहतात आणि तो कोणत्या खडकाकडे बघतो आहे हेही त्यांना कळते. ‘ऑनसाइट’ला २०१८ मध्ये ‘नासा’चा वर्षातील सर्वोत्तम सॉफ्टवेअरचा पुरस्कार मिळाला.

म्हणजे हेडसेट लावून रोव्हर चालवतात?

हा सर्रास होणारा गैरसमज आहे. मंगळापर्यंत संदेश पोहोचायला ग्रहांच्या स्थितीनुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. त्यामुळे समोर खड्डा दिसला आणि ब्रेक दाबला, असे होऊ शकत नाही. रोव्हरला पुढच्या कामाची यादी आधीच पाठवली जाते. हेडसेटमधले दृश्य हे आधी आलेल्या छायाचित्रांतून बनवलेले असते. त्याचा उपयोग पुढचा थांबा, पुढचा खडक ठरवण्यासाठी होतो. पर्सिव्हरन्सबरोबर नमुन्यांसाठी एकूण ४३ नळ्या पाठवल्या होत्या. कोणत्या खडकावर एक नळी खर्च करायची, हा निर्णय त्यामुळे जपून घ्यावा लागतो.

जुन्या छायाचित्रांचे काय?

त्यांनाही नवे आयुष्य मिळाले आहे. डिसेंबर १९७२ मध्ये ‘अपोलो १७’मधून भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट चंद्रावर गेले. डोंगरउतारावरून घरंगळत आलेल्या आणि फुटलेल्या एका प्रचंड शिळेची तेव्हा फिल्मवर छायाचित्रे घेतली गेली. जवळपास अर्धशतकानंतर, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच छायाचित्रांतून उतरण्याच्या परिसरातील शिळांच्या त्रिमितीय प्रतिकृती करून त्या व्हीआरमध्ये तपासण्यात आल्या. छायाचित्रे एकमेकांवर पुरेशी येतील अशी घेतली असतील, तर ती घेणाऱ्याच्या डोक्यात नसलेला उपयोगही पुढची पिढी करू शकते.

डोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा?

धोका इथेच आहे. हेडसेटमधले दृश्य इतके खरे वाटते की ती प्रतिकृती आहे, याचा विसर पडतो. कॅमेऱ्याने न पाहिलेली बाजू प्रतिकृतीत नसते. तिथे भोक राहते किंवा सॉफ्टवेअर अंदाजाने ते भरते. सावलीत तपशील हरवतात. गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग खरेच गुळगुळीत आहे की गणिताने सपाट झाला, हे मूळ छायाचित्र पाहूनच ठरवावे लागते.

एक जुना धडा शुक्राचा आहे. १९९० च्या दशकात ‘मॅजेलन’ यानाच्या रडार माहितीवरून बनवलेल्या दृश्यांत उंची २२.५ पट फुगवलेली होती. तपशील ठळक दिसावेत हा हेतू, पण प्रत्यक्षात मंद उतार असलेले ज्वालामुखी अनेकांच्या मनात सुळक्यांसारखे ठसले. व्हीआरमध्ये अशी फुगवलेली उंची अधिकच खरी वाटेल. म्हणून मोजपट्टी, प्रमाण आणि मूळ छायाचित्र सतत समोर ठेवणे गरजेचे ठरते.

शिवाय हेडसेटमध्ये खडक फोडता येत नाही, त्यातली खनिजे ओळखता येत नाहीत. ते काम रोव्हरवरच्या उपकरणांचे. डोळे ‘चालतो आहोत’ म्हणतात आणि कानातला तोल सांभाळणारा भाग ‘उभे आहोत’ म्हणतो, त्यामुळे काहींना मळमळतेही.

भारत यात कुठे आहे?

पाया तयार आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या ‘चंद्रयान-३’च्या ‘प्रज्ञान’ रोव्हरवर दोन दिशादर्शक कॅमेरे होते. २७ ऑगस्टला त्याच्या वाटेत तीन मीटर पुढे चार मीटर रुंदीचा खड्डा आढळला आणि त्याला मागे फिरण्याची आज्ञा देण्यात आली. दोन कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतून ‘इस्रो’ने ‘विक्रम’ लँडरचे लाल-निळसर चष्म्यातून पाहायचे त्रिमितीय चित्रही प्रसिद्ध केले. तत्त्व तेच; हेडसेट ही पुढची पायरी.

या क्षेत्राची दारे बंद नाहीत. मंगळावरच्या रोव्हरची छायाचित्रे ‘नासा’ सर्वांसाठी खुली ठेवते, तर ‘इस्रो’च्या चांद्रमोहिमांची माहिती ‘प्रदान’ या संकेतस्थळावरून मिळते. छायाचित्रांतून त्रिमितीय प्रतिकृती बनवणारी मोफत सॉफ्टवेअरही आहेत. अभियांत्रिकी किंवा भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी आपल्या गावाजवळचा एखादा कातळ मोबाइलने सर्व बाजूंनी टिपावा, त्याची प्रतिकृती करावी आणि मग टेप घेऊन प्रत्यक्ष मोजावे. प्रतिकृती किती चुकते, हे तिथेच कळेल. मंगळावर टेप घेऊन पडताळायला जाता येत नाही; म्हणून ही सवय इथेच लावून घ्यायला हवी.