डीओआयमधला स्लॅश आणि सर्व्हरचा ४०४

समजा, तुमच्या विभागाच्या वेबसाइटवर शोधनिबंधांची यादी टाकायची आहे आणि प्रत्येक निबंधाला स्वतंत्र पान हवंय. निबंध दोनशे असतील तर दोनशे पत्ते हाताने लिहिणार का? अर्थातच नाही. आपण सर्व्हरला एक साचा देतो: /लेख/<क्रमांक>. (वाचायला सोपं जावं म्हणून इथे पत्ते देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये ते रोमन लिपीत येतील.) /लेख/१७ अशी विनंती आली की सर्व्हर ती साच्याशी ताडून बघतो, १७ वेगळा काढतो आणि आपल्या फंक्शनच्या हातात देतो. यालाच राउटिंग म्हणतात.

आता क्रमांकाऐवजी डीओआय वापरू. डीओआय म्हणजे निबंधाची कायमची ओळख. जर्नलची वेबसाइट बदलली तरी ती बदलत नाही. उदाहरणाला डीओआय हँडबुकचाच डीओआय घ्या: १०.१०००/१८२. साचा केला /लेख/<डीओआय>, लिंक दाबली आणि समोर आला ४०४! निबंध डेटाबेसमध्ये आहे, फंक्शनही बरोबर आहे. मग अडलं कुठे?

अडलं मधल्या स्लॅशपाशी. यूआरएलचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ३९८६ (२००५) नुसार स्लॅश हा पत्त्याचे तुकडे वेगळे करणारा चिन्ह आहे. फ्लास्क असो वा जँगो, साधा व्हेरिएबल एकच तुकडा घेतो, स्लॅश आला की थांबतो. साच्यात तुकडे दोन, आपल्या पत्त्यात तीन. जुळणार कसे? म्हणजे तुमचं फंक्शन चाललेलंच नसतं, त्यामुळे त्यात चूक शोधत बसून काही हाती लागत नाही.

"मग स्लॅशऐवजी %२एफ लिहू," असं कोणीतरी सुचवतं. यावर भरवसा ठेवू नका. अपाचीची मूळ सेटिंग असा पत्ता थेट ४०४ देऊन परत पाठवते. आणि पायथनच्या डब्ल्यूएसजीआय पद्धतीत फ्रेमवर्कपर्यंत पोचेतो %२एफचा पुन्हा स्लॅश झालेला असतो.

सरळ उपाय म्हणजे पाथ कन्व्हर्टर: /लेख/<पाथ:डीओआय>. हा स्लॅशसकट सगळं घेतो. पण "सगळं" हीच त्याची अडचण. समजा, संदर्भसूचीसाठी दुसरा साचा केला: /लेख/<पाथ:डीओआय>/संदर्भ. जँगो यादी वरून खाली वाचतो आणि पहिला जुळलेला साचा पकडतो. पहिला साचा वर असेल तर "संदर्भ" हा शब्दही डीओआयचाच भाग समजून गिळला जातो आणि दुसऱ्याची पाळी येतच नाही. म्हणून नेमका साचा वर, मोकळा साचा खाली. फ्लास्क हा क्रम स्वतः लावतो. तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण डीओआयच्या उत्तरार्धात जवळपास कुठलंही अक्षर चालतं. ठरलेला शब्द पुढे आणला की गोंधळच मिटतो: /संदर्भ/<पाथ:डीओआय>.

अजून एक काळजी. पाथमधून आलेला मजकूर म्हणजे अनोळखी माणसाने लिहिलेला मजकूर. तो तसाच फाइलचं नाव म्हणून वापरला, तर कोणी ../ घालून फोल्डरबाहेरच्या फाइल वाचू शकतो. आधी तपासा: सुरुवात "१०." ने आहे का? पुढे स्लॅश आहे का? नसेल तर तिथेच ४०४ द्या. आणि फाइल शोधताना हा मजकूर न वापरता डेटाबेसमध्ये नोंदलेलं नाव वापरा.

एकदा प्रबंध छापला की त्यातली लिंक दुरुस्त करता येत नाही. म्हणून साइट सुरू करण्याआधी निदान तीन पत्ते टाकून बघा: एक स्लॅश असलेला डीओआय, दोन स्लॅश असलेला डीओआय आणि मुद्दाम चुकीचा लिहिलेला. पहिले दोन उघडले आणि तिसऱ्याला ४०४ आला, तर राउटिंग बरोबर चाललंय.