केळ्यांचा पियानो आणि चार्जरचा करंट

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात हल्ली केळ्यांचा पियानो बघायला मिळतो. आर्डुइनोच्या छोट्या सर्किटला सात-आठ वायरी, त्यांची टोकं केळ्यांत खोचलेली. एका केळ्याला बोट लावलं की 'सा', पुढच्याला 'रे'. घरी सगळं छान वाजतं. प्रदर्शनात लॅपटॉपला चार्जर लावला की पियानो आपोआप वाजू लागतो, नाहीतर एका बोटाला तीन सूर निघतात. मुलं बिचारी प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतात.

चूक बहुधा चार्जरची असते. बोट टेकल्यावर केळ्याची विद्युतभार साठवण्याची क्षमता किंचित वाढते आणि सर्किट तेवढंच मोजतं. ही वाढ काही पिकोफॅरडची. एक पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा लाख कोटीवा भाग. शरीराच्या याच गुणावर रशियात लिओन थेरेमिन यांनी 1920 च्या सुमारास हात न लावता वाजणारं वाद्य बनवलं होतं. इतक्या नाजूक मोजमापात चार्जर ढवळाढवळ करतो. तो 230 व्होल्टच्या विजेचे सेकंदाला हजारो-लाखो तुकडे करतो. त्यातून उठणारा गोंगाट जिरवायला आत एक छोटा कपॅसिटर असतो, आणि त्यातूनच थोडा करंट बाहेरच्या बाजूला झिरपतो. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. मग तो करंट केळ्यातून, बोटातून, अंगातून जमिनीकडे वाट काढतो. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवताना येणाऱ्या झिणझिण्या त्याच. चांगल्या चार्जरमध्ये हा करंट पाव मिलिअँपिअरच्या आत ठेवलेला असतो, त्याने इजा होत नाही.

आम्हा डॉक्टरांना हा उपद्रव ईसीजीत भेटतो. हृदयाचा संदेश त्वचेवर जेमतेम एक मिलिव्होल्टचा. भिंतीतली वीज त्याच्या दोन लाख पटींहून मोठी. उशीखाली फोन चार्जिंगला असला की कधी कधी कागदावरची रेघ केसाळ दिसते, एका बारीक चौकोनात बरोबर दोन लाटा. त्यात 'पी' नावाची छोटी लाट बुडते, आणि हृदयाचा ताल ओळखताना नेमकी तीच हवी असते. म्हणून 'चार्जर काढा' म्हणणाऱ्या सिस्टरवर रागावू नका. उजव्या पायाला लावतात त्या क्लिपेतून हृदयाचा आलेख निघतच नाही; अंगावरचा गोंगाट मारायला मशीन तिथून उलटा संदेश परत पाठवतं.

पियानोवरचा उपायही त्याच जातीचा आहे. लॅपटॉप किंवा सर्किट बॅटरीवर चालवायचं, आणि वाजवणाऱ्याच्या दुसऱ्या हातात सर्किटच्या ग्राउंडची वायर द्यायची. पॉवर बँक चालेल, पण ती स्वतः त्या वेळी चार्जिंगला नको.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच सल्ल्याची. 'अर्थ द्या' हे ऐकून एखादं मूल सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात वायर खुपसतं. आपल्याकडच्या कित्येक जुन्या घरांत ते भोक कुठेच जोडलेलं नसतं, किंवा कुणी तरी न्यूट्रलच तिथे वळवलेला असतो. न्यूट्रल तुटला की त्या वायरीत जिवंत वीज येऊ शकते. रस्त्यावरच्या स्वस्त नकली चार्जरचाही भरवसा नाही. आतला कपॅसिटर हलक्या दर्जाचा असेल आणि तो शॉर्ट झाला, तर 230 व्होल्ट थेट केळ्यापर्यंत येतील. साधारण 10 मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आवळतात, धरलेली वस्तू सोडवत नाही. त्याहून वाढला तर हृदयाचा ताल बिघडू शकतो. घरातला आरसीसीबी म्हणूनच 30 मिलिअँपिअरचा घेतात.

कुणी चिकटलंच तर आधी मेन स्विच बंद करा, तोवर त्याला हात लावू नका, आणि 108 ला फोन करा. शुद्ध हरपली, छातीत धडधडलं किंवा कातडी भाजली, तर नंतर बरं वाटलं तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या. आणि तीन पिनांच्या चार्जरवरही लॅपटॉप झिणझिणत असेल, तर वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग एकदा तपासून घ्या.