फेसबुक उघडून देणारा पोरगा

घोडपदेवच्या एखाद्या इमारतीत कुणाचा मुलगा ‘सायबर सिक्युरिटी’त आहे असं कळलं, की शेजारच्या काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला: “बाळा, माझं बंद पडलेलं फेसबुक उघडून देशील का रे?” हा पोरगा कुणाचंही खातं उघडू शकतो, अशी काकूंची समजूत. कायदा मात्र वेगळं सांगतो. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं. तेच लबाडीने केलं, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे कंपनीची यंत्रणा तपासायला निघालेला संशोधक आधी लेखी परवानगी खिशात घालतो.

या बाबतीत मुंबईशी जोडलेलं एक प्रकरण बोलकं आहे. २०१० साली हैदराबादचे तंत्रज्ञ हरी प्रसाद, मिशिगन विद्यापीठाचे अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खरंखुरं मतदान यंत्र उघडून पाहिलं. यंत्र हाती लागलं तर निकाल दाखवणारा भाग बदलून आकडे फिरवता येतात, हे त्यांनी करून दाखवलं. यंत्रांना कडेकोट बंदोबस्त असतो, असं निवडणूक आयोगाचं उत्तर होतं. पण हे यंत्र मुंबईतल्या सरकारी ताब्यातून चोरीला गेल्याची तक्रार झाली. ते कुणी दिलं हे प्रसाद सांगेनात. ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी त्यांना अटक केली, पुढे जामीन मिळाला, आणि ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या परिषदेत शोधनिबंध रीतसर मांडला गेला. निष्कर्ष कितीही पक्का असो, नमुना आणला कुठून हा प्रश्न संशोधकाची पाठ सोडत नाही.

दुसरा गैरसमज पदवीचा. ‘आयआयटी नाही, मग काय उपयोग?’ साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीत पडले. पुढे पुण्यातल्या त्यांच्या दुकानात व्हायरसने बिघडलेले संगणक येऊ लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला. त्यातूनच क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली. अर्थात यातून शिक्षण नकोच असा अर्थ काढणाऱ्यांनी एवढं पाहावं, की प्रोग्रॅम लिहिणारा भाऊ कॉलेजात जात होता.

कंपनीतलं संशोधन खरं आणि विद्यापीठातलं कागदी, असंही लोक धरून चालतात. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेला ‘मेल्टडाउन’ हा प्रोसेसरमधला दोष गुगलच्या यान हॉर्नला सापडला आणि ऑस्ट्रियातल्या ग्राट्स तंत्र विद्यापीठाच्या गटालाही, स्वतंत्रपणे! हॉर्नने इंटेलला जून २०१७ मध्येच कळवलं होतं. दुरुस्ती तयार होईपर्यंत, म्हणजे सात महिने, ही गोष्ट जाहीर झाली नाही. जगाला हादरवणारा शोध हाती असताना गप्प बसायचं, हाही या नोकरीचा भाग.

आणि पैसा? दोष कळवून बक्षीस मिळवायचं हे ‘बग बाउंटी’चं आकर्षण तरुणांना मोठं आहे. पण तोच दोष दुसऱ्याने आधी कळवलेला असला, तर बहुतेक कंपन्या दमडी देत नाहीत. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवून पीएचडी करणाऱ्याला मात्र जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. ही रक्कम दोष सापडला नाही तरी मिळते.