उंदराला ‘कावीळ ब’ होत नाही, तरीही

यकृताच्या कर्करोगावर बोलताना उंदराचा विषय निघाला की समोरून एक प्रश्न हमखास येतो: माणसाचा आजार उंदरात पाहून काय कळणार? प्रश्न रास्त आहे. आपल्याला वाटतो त्याहूनही रास्त आहे. या कर्करोगाचं जगातलं एक मोठं कारण म्हणजे हिपॅटायटिस बीचा, म्हणजे ‘कावीळ ब’चा विषाणू. त्याची लागण उंदराला होतच नाही. दुसरं कारण अफ्लाटॉक्सिन, दमट शेंगदाण्यावर आणि मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचं विष. तेही मोठा उंदीर बऱ्यापैकी पचवतो, कारण त्याच्या यकृतातलं एक विकर ते झपाट्याने निकामी करतं.

मग करायचं काय? विषाणू आत जात नाही ना, मग त्याचं जनुकच आत बसवायचं. अमेरिकेत फ्रान्सिस चिसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. विषाणूच्या आवरणाचं प्रथिन तयार करणारं जनुक त्यांनी उंदराच्या फलित अंड्यात घातलं. असा उंदीर ते प्रथिन आपलंच मानतो. त्याची प्रतिकारशक्ती त्याच्या वाटेला जात नाही आणि प्रथिन बेताचं असेल तर यकृतही ठणठणीत राहतं.

आता खरी गंमत पाहा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा उंदरांची मूळची प्रतिकारशक्ती काढून टाकली गेली आणि त्या प्रथिनाविरुद्ध आधीच तयार केलेल्या साध्या उंदरांच्या अस्थिमज्जेच्या व प्लीहेच्या पेशी त्यांना दिल्या. नव्या सैन्याला ते प्रथिन परकं वाटलं. यकृताला दीर्घकाळ सूज राहिली आणि पुढे कर्करोग झाला. जिवंत विषाणू तिथे नव्हताच! पेशी मरतात, त्यांची जागा भरायला उरलेल्या विभागतात, पुन्हा मरतात. प्रत्येक विभाजनात चूक व्हायला वाव. ‘मला तर काही त्रास नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाला डॉक्टर वर्षानुवर्षं तपासायला का बोलावतात, त्याचं एक उत्तर या उंदरांनी दिलं. खऱ्या लागणीत विषाणूही आपल्या परीने भर घालतो, पण हे दोन धागे माणसात सुटे करता आले नसते.

दुसरी, जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे दोन आठवड्यांच्या पिल्लाला डायइथाइलनायट्रोसामीन या रसायनाचं एक इंजेक्शन. काही महिन्यांत गाठी येतात. मात्र त्यांत अनेकदा रास जनुकात बदल सापडतो, जो माणसाच्या यकृताच्या कर्करोगात क्वचितच दिसतो. शिवाय बहुतेक रुग्णांचं यकृत आधीच सिरॉसिसने घट्ट, निबर झालेलं असतं. या उंदराचं तसं होत नाही. अशा उंदरात गाठ आटवणारं औषध थकलेल्या यकृताच्या माणसाला झेपेल का, हे त्यावरून आम्ही तरी सांगणार नाही.

पण म्हणून हा उंदीर टाकाऊ नव्हे. माणसांत हा कर्करोग बायकांपेक्षा पुरुषांना दुपटी-तिपटीने होतो, आणि या उंदरांतही नरांना फार जास्त. २००७ मध्ये मायकेल करिन यांच्या गटाने याच उंदरांत दाखवलं की इस्ट्रोजेन हे संप्रेरक सूज वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-६ला आवर घालतं.

तेव्हा ‘उंदरात औषध यशस्वी’ अशी बातमी आली की आपण पहिला प्रश्न विचारू या: कुठल्या उंदरात? माणसाची गाठ उंदरात रुजवायची तर तो बहुधा प्रतिकारशक्ती नसलेलाच घ्यावा लागतो. आणि आज या आजारात ज्या औषधांवर मोठी आशा आहे, ती तर प्रतिकारशक्तीलाच जागं करून काम करतात.