अविश्रांत स्नायूचा विसावा

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटर अंतरावर बुटीबोरी हे गाव आहे. कापसाची शेते आणि संत्र्यांच्या बागा यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या मुलखात आज एक विस्तीर्ण औद्योगिक वसाहत उभी आहे. तेथील अनेक कारखाने अहोरात्र चालतात. एका पाळीचे कामगार घरी परततात, तोच दुसऱ्या पाळीचे कामगार फाटकातून आत शिरतात. माणसे तर विश्रांती घेतातच. पण लोखंडी यंत्रांनाही अधूनमधून थांबवावे लागते. कोठे तेल घालावयाचे असते, कोठे झिजलेला भाग बदलावयाचा असतो. कधीच न थांबणारे यंत्र माणसाला अद्याप घडविता आलेले नाही.

परंतु त्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या प्रत्येक कामगाराच्या छातीत एक इंद्रिय असे आहे, की ते त्याच्या जन्मापूर्वीच कामाला लागलेले असते. मातेच्या उदरात गर्भ चौथ्या आठवड्याचा होतो न होतो, तोच त्याचे हृदय स्पंदन पावू लागते. माणूस सत्तर वर्षे जगला, तर त्याचे हृदय अडीच अब्जांहून अधिक वेळा आकुंचन पावलेले असते. हे इंद्रिय विसावा केव्हा घेते? त्याला अन्न कोण पुरविते? आणि तो पुरवठा तुटला, तर काय होते? या तीन प्रश्नांची उत्तरे हृदयाच्या स्नायूतच दडलेली आहेत.

हृदय आकाराने ज्याच्या-त्याच्या मिटलेल्या मुठीएवढे असते. प्रौढ माणसात त्याचे वजन २५० ते ३५० ग्रॅम भरते. दोन्ही फुप्फुसांच्या मध्ये, किंचित डावीकडे कललेले असे ते एका दुपदरी पिशवीत सुरक्षित असते. हृदय आतून पोकळ असून त्यात चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद म्हणतात व खालच्या दोहोंना निलय म्हणतात. शरीरभर फिरून आलेले अशुद्ध रक्त उजव्या अलिंदात येते, तेथून उजव्या निलयात उतरते आणि शुद्ध होण्यासाठी फुप्फुसांकडे जाते. प्राणवायू घेऊन परतलेले रक्त डाव्या अलिंदात व तेथून डाव्या निलयात येते. आणि डावा निलय ते महारोहिणीवाटे सर्व शरीरात लोटतो. रक्ताने उलट फिरू नये म्हणून कप्प्यांच्या तोंडांशी झडपा असतात. छातीला कान लावला असता जो ‘लब-डब’ असा ध्वनी ऐकू येतो, तो या झडपा मिटण्याच्या वेळी निर्माण होतो.

अलिंदांना आपले रक्त शेजारच्याच कप्प्यात उतरवावयाचे असते, म्हणून त्यांच्या भिंती पातळ असतात. उजव्या निलयाला ते जवळच्या फुप्फुसांपर्यंत पाठवावयाचे असते. डाव्या निलयाला मात्र मस्तकापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त पोहोचवावे लागते. म्हणून त्याची भिंत उजव्या निलयाच्या भिंतीपेक्षा सुमारे तिप्पट जाड असते. जसे काम, तसा स्नायू! निलयाच्या भिंतीतील तंतू सरळ रेषेत नसून वळसे घेत गेलेले असतात. त्यामुळे आकुंचनाच्या वेळी निलय नुसता दाबला जात नाही. ओला पंचा पिळावा, तसा तो पिळला जातो. एका ठोक्यात सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. मिनिटाला ७० ते ७५ ठोके धरले, तर हे प्रमाण मिनिटाला पाच लिटर आणि दिवसाला सात हजार लिटरांहून अधिक होते.

असाच एक हिशेब इंग्लंडमधील वैद्य विल्यम हार्वे याने मांडला होता. हृदय अर्ध्या तासात जेवढे रक्त बाहेर टाकते, तेवढे संपूर्ण शरीरातही नसते, हे त्याने दाखवून दिले. मग एवढे रक्त येते तरी कोठून? तेच रक्त फिरून फिरून परत येत असले पाहिजे, हा एकच निष्कर्ष शक्य होता. १६२८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथामुळे रक्ताभिसरणाचा सिद्धांत जगापुढे आला.

मानवी शरीरात स्नायूंचे तीन प्रकार आहेत. हातापायांचे स्नायू आपल्या इच्छेने हलतात. ते बलवान असतात, पण लवकर थकतात. जठर व आतडी यांचे स्नायू इच्छेवाचून चालतात. ते सावकाश काम करतात. तिसरा प्रकार केवळ हृदयात आढळतो. त्यात पहिल्याचे बळ आणि दुसऱ्याचे स्वयंचलन यांचा मिलाफ झालेला आहे. हृदयस्नायूच्या पेशींना फाटे फुटलेले असतात व त्या एकमेकींना टोकाशी घट्ट जोडलेल्या असतात. या सांध्यांतून विजेची सूक्ष्म लहर एका पेशीतून दुसरीत सहज जाते. त्यामुळे कोट्यवधी पेशी एकदिलाने आकुंचन पावतात. पेशीला शक्ती पुरविणाऱ्या सूक्ष्म कणांना तंतुकणिका म्हणतात. हृदयस्नायूच्या पेशीचा सुमारे एक तृतीयांश भाग या तंतुकणिकांनीच व्यापलेला असतो.

ही विजेची लहर बाहेरून येत नाही. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात विशिष्ट पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेथे लहर उत्पन्न होते आणि दोन्ही अलिंदांत पसरते. नंतर ती दुसऱ्या एका पुंजक्यापाशी क्षणभर रेंगाळते. तेवढ्यात अलिंदांतील रक्त निलयांत उतरते. मग लहर पुढे धावते आणि निलय आकुंचन पावतात. यांपैकी दुसऱ्या पुंजक्यापासून निघणारा मार्ग तावारा या जपानी शास्त्रज्ञाने १९०६ साली स्पष्ट केला. आणि पुढच्याच वर्षी कीथ व फ्लॅक या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी पहिला पुंजका शोधून काढला. मेंदूकडून येणाऱ्या मज्जातंतूंचे काम येथे एवढेच, की हृदयाची गती गरजेप्रमाणे वाढवावी किंवा कमी करावी. बैल आपल्या पायांनीच चालतो. गाडीवान कासऱ्याने त्याची चाल फक्त कमीजास्त करतो, तसेच हे आहे.

या स्वयंचलनाचा मोठा प्रत्यय हृदयरोपणाच्या शस्त्रक्रियेत येतो. दात्याच्या छातीतून काढलेल्या हृदयाचे सारे मज्जातंतू तुटलेले असतात. तरीही नव्या शरीरातील रक्त मिळताच ते पुन्हा धडधडू लागते. माणसाचे हृदय दुसऱ्या माणसात बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केली. त्यानंतर तीन महिनेही लोटले नव्हते, तोच फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. परंतु त्या प्रयत्नाने भारतीय शल्यविद्येने एका बिकट वाटेवर पहिले पाऊल टाकले. पुढे परक्या हृदयाला शरीराने नाकारू नये अशी औषधे उपलब्ध झाली. आणि ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्ली येथे डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केलेले हृदयरोपण यशस्वी ठरले.

आता पहिला प्रश्न असा, की हृदय विसावा केव्हा घेते? मिनिटाला ७५ ठोके धरले, तर एका ठोक्याला ०.८ सेकंद लागतो. त्यांपैकी अलिंद केवळ ०.१ सेकंद आकुंचन पावतात आणि निलय ०.३ सेकंद आकुंचन पावतात. उरलेला वेळ ते सैल असतात. हा हिशेब चोवीस तासांचा केला, तर मोठे नवल दिसते. निलयांचे काम दिवसाकाठी नऊ तास भरते आणि विसावा पंधरा तास. अलिंदांचे काम तर तीनच तास! कारखान्यातील कामगाराची पाळी आठ तासांची असते; निलयांची पाळी तिच्याहून फार मोठी नाही. भेद इतकाच, की कामगार आपली विश्रांती एकत्र घेतो, आणि हृदय ती कणाकणाने, प्रत्येक ठोक्यामागे घेते. शिवाय एकदा आकुंचन पावलेला हृदयस्नायू थोडा सैल झाल्यावाचून दुसरा आदेश स्वीकारीतच नाही. म्हणूनच पायाच्या पोटरीला येतो तसा गोळा हृदयाला येत नाही.

दुसरा प्रश्न अन्नाचा. हृदयाचे कप्पे रक्ताने भरलेले असतात. तथापि, त्या रक्तावर जाड भिंतीचे पोषण होत नाही. दिवसभर मोट ओढणाऱ्या बैलालाही पाणी वेगळे पाजावेच लागते. महारोहिणीच्या मुळाशीच दोन रोहिण्या फुटतात. त्यांना हृद्‌रोहिणी म्हणतात. हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्ताचा सुमारे विसावा भाग यांच्यातून हृदयाच्याच स्नायूकडे परत येतो. परंतु निलय आकुंचन पावतो, तेव्हा त्याच्या भिंतीतील वाहिन्याही दाबल्या जातात. म्हणून डाव्या निलयाला आपले बहुतेक रक्त तो सैल असतानाच मिळते. ०.५ सेकंदाचा तो विसावा म्हणजे त्याची भोजनाची वेळ होय.

धावताना किंवा ओझे वाहताना ठोके मिनिटाला १५० पर्यंत जातात. अशा वेळी आकुंचनाचा काळ थोडाच घटतो. मोठी कपात होते ती विसाव्याच्या काळात. निरोगी हृद्‌रोहिणी तेव्हा रुंदावतात आणि थोड्या वेळात अधिक रक्त पुरवितात. नागपूरकडील मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. तेव्हा शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडेही पुष्कळ रक्त पाठवावे लागते, आणि घामावाटे पाणी गेल्यामुळे रक्ताचे प्रमाण तर घटलेले असते. म्हणून उन्हातान्हात किंवा भट्टीजवळ राबणाऱ्या माणसाने वारंवार पाणी पिणे व सावलीत बसणे हा आळस नव्हे. ती हृदयाची निकड आहे. याउलट, नित्य व्यायाम करणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त लोटते. त्यामुळे स्वस्थ बसला असता त्याची नाडी मंद चालते आणि हृदयाला विसावाही अधिक मिळतो.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. वाढत्या वयाबरोबर हृद्‌रोहिणींच्या आतील बाजूस चरबीयुक्त थर साचू लागतात. बिडी, सिगारेट व खर्रा यांतील तंबाखू, अतिरिक्त रक्तदाब, मधुमेह व बैठी राहणी यांमुळे हा रोग बळावतो. अशा थराला चीर पडून तेथे रक्ताची गुठळी झाली, की वाट अकस्मात बंद होते. पलीकडचा स्नायू उपाशी पडतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. पहिली काही मिनिटे तो स्नायू केवळ दुबळा होतो. सुमारे वीस-तीस मिनिटांनंतर त्याच्या पेशी मरू लागतात, आणि हा नाश पुढे काही तास पसरत जातो.

हाडाला तडा गेला तर तो सांधतो; कातडी कापली तर ती भरून येते. हृदयस्नायूचे तसे नाही. २००९ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखविले, की तरुण माणसातही हृदयस्नायूच्या जेमतेम शंभरांत एक पेशी वर्षभरात नव्याने तयार होते, आणि वयाबरोबर हे प्रमाण आणखी घटते. त्यामुळे मेलेल्या भागाच्या जागी स्नायू न येता केवळ व्रण राहतो. व्रण आकुंचन पावत नाही. त्याच्या वाट्याचे काम उरलेल्या स्नायूला जन्मभर करावे लागते.

म्हणूनच या रोगात वेळेला फार मोल आहे. छातीच्या मध्यभागी दडपल्यासारखे दुखणे, ती कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम फुटणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे होत. स्त्रियांमध्ये व मधुमेही माणसांत कधीकधी छातीत फारसे दुखतही नाही; नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा जाणवतो. ‘पित्त झाले असेल’, ‘गॅस धरला असेल’, असे म्हणून घरोघरी लोक तास दोन तास वाट पाहतात. आणि नेमक्या त्याच तासांत स्नायू मरत असतो. अशा वेळी रुग्णाला चालू देऊ नये, धीर देऊन बसवावे आणि तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिकेची विनामूल्य सेवा मिळते. रुग्ण बेशुद्ध होऊन त्याचा श्वास थांबला, तर जाणत्या माणसाने छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोराने व जलद, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा व मदत येईपर्यंत थांबू नये.

बुटीबोरीहून नागपूरच्या वाटेवर मिहान परिसरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे. नागपुरात तर मोठी रुग्णालये अनेक आहेत. रस्ते रुंद झाले, वाहने वेगवान झाली, त्यामुळे वाटेतला वेळ पुष्कळ वाचतो. परंतु उंबरठ्याच्या आत ‘थोडे थांबून पाहू’ असे म्हणण्यात दवडलेला वेळ कोणतेही वाहन भरून काढू शकत नाही. तो वेळ वाचविणे घरातल्या माणसांच्याच हाती असते, आणि वडील माणसे संकोचाने बोलत नसली, तर बारा वर्षांचे मूलही १०८ हा क्रमांक फिरवू शकते.