वसुलीचा फोन खरा की खोटा?

‘तुमचं कर्ज थकलंय, तासाभरात भरा, नाहीतर अटक वॉरंट निघेल,’ असा फोन रिसोड-मानोऱ्यापासून कारंज्यापर्यंत कुणालाही येऊ शकतो. घाबरून जाऊ नका, आधी पडताळा.

खोटा कसा ओळखाल?
▪ रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकबाकीसाठी सकाळी 8 पूर्वी किंवा सायंकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांत बदनामी यांनाही मनाई आहे.
▪ नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस अटक करत नाहीत.
▪ खासगी यूपीआय क्रमांकावर पैसे मागितले, ओटीपी विचारला की समजा, काळंबेरं आहे.

काय कराल?
▪ बँकेचं नाव, कर्ज खाते क्रमांक आणि वसुलीचं अधिकारपत्र मागा. आपली माहिती देऊ नका.
▪ फोन ठेवा, पासबुकावरच्या क्रमांकावरून शाखेत विचारा. सोसायटीचं पीककर्ज असेल तर गटसचिवाला गाठा.
▪ ‘सातबाऱ्यावर बोजा चढवू’ म्हणाले, तर ‘महाभूमी’वर उतारा काढून ‘इतर अधिकार’ रकाना पाहा.
▪ नावावर भलतंच कर्ज आहे का, हे सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीच्या अहवालात कळतं. तो वर्षातून एकदा मोफत मिळतो.

पैसे गेले तर?
लगेच 1930 वर कळवा. जितकी घाई, तितकी रक्कम गोठण्याची शक्यता जास्त. मेसेज, कॉल रेकॉर्डिंग पुसू नका. एजंट खरा पण अरेरावी करणारा निघाला, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.