मुलाचं गणित चुकतं की वाक्य?



तिसरीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर हे शाब्दिक उदाहरण लिहिलं :

'रमाकडे ८ चिंचोके आहेत. ते सलमाच्या चिंचोक्यांपेक्षा ३ ने जास्त आहेत. तर सलमाकडे किती चिंचोके आहेत?'

निम्म्याहून जास्त मुलांनी उत्तर लिहिलं, ११. त्यात एक मुलगा असा होता, ज्याच्या नोंदीत मी स्वतःच 'गणिताचा अधिक सराव आवश्यक' असं लिहिलं होतं. त्याला जवळ बोलावलं, खरे चिंचोके दिले आणि म्हटलं, "रमाकडे आठ आहेत. सलमाकडे तिच्यापेक्षा तीन कमी आहेत. सलमाचे मांड बघू." त्याने पटकन पाच मांडले.

म्हणजे वजाबाकी त्याला येत होती. तो अडला होता वाक्यात. तेव्हापासून मला प्रश्न पडला, की मूल वाक्य वाचतं म्हणजे नेमकं काय करतं?

मेंदू वाक्य संपायची वाट बघत नाही

आपल्याला वाटतं, आधी पूर्ण वाक्य ऐकायचं आणि मग अर्थ लावायचा. प्रत्यक्षात तसं होत नाही. प्रत्येक शब्दागणिक आपण अर्थ लावत जातो आणि पुढे काय येणार याचा अंदाज बांधतो. एक छोटा प्रयोग करा. पुढचं वाक्य कागदाने झाकून एकेक शब्द उघडत दुसऱ्याला वाचायला द्या :

'शिक्षकांनी मुलांना पुस्तक फाडताना पाहिलं.'

'शिक्षकांनी मुलांना पुस्तक' इथपर्यंत आलं की बहुतेकांच्या मनात 'दिलं' हा शब्द तयार असतो. 'फाडताना' आलं की आपण क्षणभर अडखळतो, मागे जातो आणि अर्थ बदलतो. मोठ्या माणसांना हे इतकं सवयीचं असतं, की लक्षातही येत नाही. लहान मुलांना मात्र हे मागे जाणंच अवघड जातं.

अमेरिकेत जॉन ट्रुस्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच वर्षांच्या मुलांसमोर खेळण्यातला बेडूक, नॅपकिन, डबा अशा वस्तू ठेवल्या आणि सूचना दिली, की नॅपकिनवरचा बेडूक डब्यात ठेव. मराठीत 'वरचा' म्हटलं की प्रश्न मिटतो. पण इंग्रजीत त्या वाक्याचा शब्दक्रम साधारण 'ठेव बेडूक नॅपकिनवर डब्यात' असा होतो. बऱ्याच मुलांनी 'नॅपकिनवर' ऐकताच बेडूक दुसऱ्या, रिकाम्या नॅपकिनवर नेला. पुढे 'डब्यात' ऐकूनही पहिला अर्थ त्यांना सोडता आला नाही. मोठ्यांनी मात्र बेडूक बरोबर डब्यात ठेवला.

मराठीचा अडथळा वेगळ्या जागी आहे. आपलं क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. 'पुढीलपैकी कोणता प्राणी अंडी घालत नाही?' हा प्रश्न घ्या. 'अंडी घालत' इथपर्यंत मुलाच्या डोळ्यांसमोर कोंबडी आलेली असते. मग 'नाही' येतं, पण तोवर पेन्सिल कोंबडीवर टेकलेली असते. आपण म्हणतो, "किती धांदरट आहेस, प्रश्न नीट वाचत नाहीस!"

चिंचोक्यांच्या उदाहरणातही हेच झालं. '३ ने जास्त' वाचलं आणि बेरीज ठरली. यात फक्त लहान मुलंच फसतात असं नाही. लुईस आणि मेयर या संशोधकांनी १९८७ मध्ये अशीच 'उलट' भाषेतली उदाहरणं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दिली. सरळ भाषेतल्या उदाहरणांपेक्षा इथे त्यांनीही उलटी क्रिया करण्याच्या चुका जास्त केल्या.

शब्द आठवणीतलं चित्रही बदलतात

१९७४ मधला लॉफ्टस आणि पामर यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातलं फक्त क्रियापद बदललं होतं. काहींना 'गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा' असं विचारलं, तर काहींना 'एकमेकींना लागल्या तेव्हा'. 'आदळल्या' ऐकणाऱ्यांनी सरासरी ताशी सुमारे ४१ मैल वेग सांगितला, 'लागल्या' ऐकणाऱ्यांनी सुमारे ३२. दुसऱ्या एका गटाला आठवड्यानंतर विचारलं, की फुटलेली काच दिसली का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण 'हो' म्हणाले. 'धडकल्या' असा सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जण.

मैदानावर दोन मुलं पडली की आपण धावत जाऊन विचारतो, "कोणी ढकललं?" या प्रश्नातच ढकलणारा तयार होतो. मुलं मग नाव सांगतातच. खोटं बोलायचं म्हणून नाही, आपल्याच शब्दाने त्यांच्या मनात तसं चित्र काढलेलं असतं म्हणून.

त्रेसष्ट ऐकून ३६

'त्रेसष्ट' या शब्दात तीन आधी ऐकू येतात, साठ नंतर. लिहायचे मात्र ६ आधी. म्हणून मूल ३६ लिहितं. एकोणसाठमध्ये तर कानावर 'साठ' पडतं आणि लिहायचे असतात ५ आणि ९. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात आणि तिथल्या मुलांच्याही अशा उलट चुका होतात. चिनी भाषेत त्रेसष्टला 'सहा-दहा-तीन' म्हणतात, म्हणजे बोलायचा आणि लिहायचा क्रम एकच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' असं संख्यावाचन आलं आणि केवढा वाद झाला, ते आपल्याला आठवत असेलच. कोणाची बाजू बरोबर हा वाद बाजूला ठेवू, पण त्यामागची अडचण खरी आहे. मी 'त्रेसष्ट'च शिकवते, पण लिहिण्याआधी 'त्रेसष्ट म्हणजे साठ आणि तीन' असं मुलांकडून म्हणून घेते.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. शाब्दिक उदाहरणातले आकडे झाकून आधी गोष्ट विचारा. 'कोणाकडे जास्त आहेत? रमाकडे की सलमाकडे?' हे कळल्यावरच आकडे उघडा.

२. 'जास्त म्हणजे बेरीज, कमी म्हणजे वजाबाकी' ही युक्ती शिकवू नका. वरच्या उदाहरणात तीच नडली.

३. प्रश्नपत्रिका सोडवताना प्रश्नाचा शेवटचा शब्द आधी अधोरेखित करायची सवय लावा. 'आहे' की 'नाही' ते तिथेच कळतं.

४. सूचना कृतीच्या क्रमाने द्या. 'वही काढण्याआधी पुस्तक दप्तरात ठेवा' म्हटलं की काही मुलं आधी वहीच काढतात. त्याऐवजी 'आधी पुस्तक दप्तरात ठेवा. मग वही काढा' म्हणा.

५. भांडण सोडवताना पहिला प्रश्न 'काय झालं?' एवढाच ठेवा.

पालकसभेला त्या मुलाचे वडील आले होते. "बाई, गणिताची शिकवणी लावू का?" असं विचारत होते. मी म्हटलं, "सध्या नको. रोज रात्री एक उदाहरण त्याला वाचायला सांगा आणि तेच तुम्हाला त्याच्या शब्दांत सांगू दे. उत्तर काढलं नाही तरी चालेल." पुढच्या सत्रात मी त्याची नोंद बदलली : 'बेरीज-वजाबाकी अचूक करतो. उदाहरणाचे वाक्य समजून घेण्यास मदत आवश्यक.'

आधीची नोंद चुकीची होती, आणि ती मीच केली होती.